गिळलेली वाईन

आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर होतोय. समोर असता तर माझ्या तोंडातून शब्द निघाला नसता. मी सातवीपर्यंत शिकलो, लिहिताना अजून हात अवघडतो. पण तोंडानं सांगावं तर तुम्ही कोण होता हे माहीत असलेलं माणूस आता घरात उरलेलं नाही. माझी बायको असती तर तिला सांगितलं असतं, तिनं तुमचं सगळं केलं होतं. गोष्ट अशी आहे की माझ्या नातीला आज संध्याकाळपर्यंत माझं उत्तर पाहिजे. येत्या शनिवारी तिच्या हॉटेलात मी परत येणार की नाही. येतो म्हटलं तर गेल्या खेपेला मी तुमच्याशी जसा वागलो तसंच परत वागावं लागणार. येत नाही म्हटलं तर पोरीची नोकरी, जी अजून कच्ची आहे, ती पक्की व्हायची राहणार. सकाळपासून मी आत-बाहेर फेऱ्या मारतोय. गॅस बंद आहे का ते बघून आलो, मग परत बघून आलो. सूनबाई म्हणाली, "मामंजी, तुमास्नी बरं वाटंना का? बीपीची गोळी घेतलासा न्हवं?" घेतली म्हटलं. घेतली की नाही ते आता आठवत नाही.

नात हॉटेलाचं शिक्षण घेऊन आली आणि हायवेकडच्या एका मोठ्या हॉटेलात लागली. कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाईन चांगली लागते, ते ती गिऱ्हाइकांना सांगते. अशीही नोकरी असते हे मला तेव्हा कळलं. तुमच्या भाषेत ती दारूच, पण आता तसं म्हणत नाहीत. पोरीनं बेत असा केला होता की फ्रान्समधून आलेली लाल वाईन आणि आपलं कोल्हापूरचं जेवण एकत्र द्यायचं, आणि गावातली मोठी माणसं बोलवायची, डॉक्टर, फौंड्रीवाले, बिल्डर. ज्या घरच्या द्राक्षांची ती वाईन, त्या घरची बाई स्वतः येणार होती. साहेबानं पोरीला सांगितलं होतं, हे नीट पार पाड, मग तुझं बघू. म्हणून ती आधी एक बाटली घरी घेऊन आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. सूनबाईनं पदर खोचला आणि म्हणाली, "देव्हारा मागच्या भिंतीला हाय, एवढं ध्येनात ठेव म्हंजी झालं." पोरगी हसली. मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही जन्म गुळात काढलाय. मला तुमची जीभ पाहिजे. गिळू नका, बीपी वाढेल तुमचं. जिभेवर फिरवा आणि बेसिनमध्ये टाका."

पिकून फुटलेल्या जांभळाचा रंग होता, आबा. ग्लास हलवला की काचेला चिकटून हळूहळू उतरत होता, पाक बघायला कढईतनं उलथणं उचलावं तसा. वास घेतला तर आधी काळी मिरी, मग ओलं लाकूड, आणि सगळ्यात मागं नव्या कातडी चपलेसारखं काहीतरी. जिभेवर घेतली तर आधी आंबट, आणि मग हिरड्या आवळून आल्या, कच्ची सुपारी चावल्यावर येतात तशा. मी म्हटलं, "तुरट हाय की गं." ती म्हणाली, "बरोबर. हा तुरटपणाच जेवणाशी जुळवायचा असतो." मी थुंकलो बेसिनमध्ये. करणारा समोर नव्हता, त्यामुळे काही वाटलं नाही. मग आम्ही एकेक चाखत बसलो. तांबड्या रश्श्यावर वाईन घेतली तर घशापर्यंत जाळ झाला आणि वाईन नुसती कडू लागायला लागली. इतका वेळ तोंड फिरवून उभी असलेली सूनबाई म्हणाली, "बघ, आमच्या रश्श्याम्होरं तुझा फ्रान्स टिकंना." पांढऱ्या रश्श्यावर मात्र ती शांत झाली, नारळाच्या दुधानं तिचं डोकं थंड केल्यासारखं. आणि चटणी हात राखून घातलेलं, भाजलेल्या खोबऱ्याचं सुकं मटण चरबीच्या तुकड्यासकट खाल्लं, वर घोट फिरवून टाकला, तर तो सगळा तुरटपणा चरबीत विरून गेला आणि मागं फक्त मिरी राहिली. मला ते आवडलं. आवडलं हे मी कुणाला बोललो नाही.

पोरीच्या मनात शेवटी गूळ-शेंगदाणे द्यायचे होते, वाईनबरोबरच. मी गुळाचा खडा खाल्ला, वर वाईन घेतली, आणि तोंडात व्हिनेगर आल्यासारखं झालं. गोडावर ती टिकतच नाही. मी म्हटलं, "ह्ये न्हाई जमायचं." तिचं तोंड पडलं. "कोल्हापूर म्हटल्यावर गूळ नको आजोबा?" मी म्हटलं, गूळ दे, पण वाईन संपल्यावर दे, ग्लास उचलून झाल्यावर. तिनं बाटलीला बूच लावलं आणि म्हणाली, "मग त्या वेळी तुम्ही या. मार्केट यार्डात गूळ कसा पारखायचे ते दाखवा. लोकांना असलं आवडतं." मोठ्या माणसांत मला उभं राहता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण ज्या घरात माझं मत कुणी विचारत नाही तिथं पोरगी माझी जीभ मागत होती. हो म्हणून बसलो.

यार्डातला तुमचा आणि माझा जो काळ, तो मला आता कालच्यापेक्षा स्पष्ट दिसतो. शेडमध्ये गुळाचे रवे, बादलीएवढ्या ढेपा, रांगेनं मांडलेले आहेत, प्रत्येक रांगेच्या डोक्याशी ज्याचा त्याचा शेतकरी उभा आहे, आणि तुम्ही, व्यापाऱ्याचे पारखी, त्याच्या आधी एकटे रांगेतून चालताय. नखाएवढा खडा काढायचा, जिभेवर ठेवायचा, वर टाळूला दाबायचा, मग प्रत सांगायची, एक लंबर, दोन लंबर. शेतकऱ्याची नजर तुमच्या हातावर नसते, तोंडावर असते. वर्षभराचा ऊस त्या तोंडात असतो. मी तेव्हा नुकता त्याच व्यापाऱ्याच्या पेढीवर लागलो होतो, मिसरूड फुटून गेलेलं, अंगात गरमी. एका रांगेत मी खडा तोंडात टाकला आणि तो इतका खारट आणि करपट निघाला की मी खांबाच्या बुडाशी थुंकलो. त्या रांगेचा शेतकरी पन्हाळ्याकडचा होता. तो आपल्या पायांकडं बघायला लागला. तुम्ही तेवढी रांग संपवलीत, मग मला पाण्याच्या टाकीमागं नेलंत. मला वाटलं मारणार. तुम्ही म्हणालात, "त्यो उभा हाय न्हवं तिथं? त्याच्या म्होरं थुकलास म्हंजी त्याच्या तोंडावर थुकलास. भाव काय व्हायचा त्यो हुईल, आपण खोटं सांगायचं न्हाई. पर गिळायचं." आणि मला परत त्या रांगेत नेऊन, त्याच रव्याचा खडा त्या माणसासमोर गिळायला लावलात. त्या दिवसानंतर मी यार्डात कधी थुंकलो नाही. तुमच्यासारखी पारख मला कधी आली नाही, पण ही एक गोष्ट तुमची मी पाळली, असं मी स्वतःला सांगत आलो.

पुढं तुमचं तोंड वाकडं झालं. सकाळी चूळ भरायला गेलात आणि पाणी एका बाजूनं गळायला लागलं, आईनं आरडाओरडा केला. डावी बाजू गेली ती गेलीच. पापणी खाली ओघळली, ओठ लोंबायला लागला, आणि शब्द तोंडातून निघताना एकमेकांना चिकटून निघायला लागले. व्यापाऱ्यानं तुम्हाला काढलं नाही. तुम्ही खडा उजव्या गालात सारून चव घ्यायचात. पहिल्यापेक्षा चुका जास्त व्हायच्या, त्या मी माझ्या अंगावर घ्यायचो. यार्डातली माणसं म्हणायची, आता तर म्हाताऱ्याच्या तोंडावरनं काहीच कळत नाही, चांगला पारखी झाला. हमालांचा एक मुकादम होता. तो गालात गुळाचा खडा कोंबून तुमच्यासारखं बोलून दाखवायचा आणि चहाच्या गाड्याभोवतीची सगळी हसायची. एकदा मी त्याची कॉलर धरली. तुम्ही मागनं आलात, माझा हात सोडवलात आणि म्हणालात, "चल, पलीकडची रांग राहिलीया." एवढंच. घरी मात्र तुम्ही भिंतीकडं तोंड करून जेवायला लागलात. आई भाकरी दुधात कुस्करून द्यायची, आणि तुम्ही टॉवेल हनुवटीखाली धरून, आमच्याकडं पाठ करून, एकेक घास उजव्या बाजूला लोटत जेवायचात. त्या पाठीकडं बघत मी कितीतरी वर्षं जेवलो.

आणि गडमुडशिंगीला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलतो ते. तुम्ही दाराशीच "रामराम पावणं" म्हणालात. ते तोंडातून कसं निघालं असेल ते मी सांगायला नको. मुलीचा चुलता शेजारच्याला म्हणाला, आणि ते आम्हाला ऐकू येईल असं म्हणाला, "सकाळीच लावून आल्यात वाटतं." त्या माणसाला काय माहीत की तुम्ही जन्मात कधी थेंब घेतला नव्हता. माणसं उठायला लागली. तुम्ही खाली बसला होता ते उठलात, त्या चुलत्याच्या जवळ गेलात, आणि तोंड उघडून म्हणालात, "वास घ्या." तो मागं सरला. तुम्ही परत म्हणालात, "घ्या की वास. पोराच्या जल्माचा प्रश्न हाय." त्यानं खरंच वाकून तुमच्या तोंडाचा वास घेतला. सगळ्या पावण्यांच्या देखत. मी जमिनीकडं बघत बसलो होतो. मला त्या वेळी तुमची दया आली असं मी आयुष्यभर सांगत आलो. खरं तर मला तुमची लाज वाटली होती. लग्न झालं, आणि तीच मुलगी पुढं आईच्या मागं तुम्हाला भाकरी कुस्करून घालत राहिली.

आता त्या शनिवारचं सांगतो. पोरीनं मला पांढरी विजार आणि जाकीट घालायला लावलं. मी भीतीनं दुपारी जेवलो नव्हतो, चहावर होतो. हॉटेलच्या मागच्या हिरवळीवर टेबलं मांडलेली, संध्याकाळची उन्हं उतरलेली, माणसं अत्तराचा वास घेऊन आलेली. मला शेवटी बोलवायचं होतं, पण पोरीनं पहिल्यापासूनच मला त्या बाईच्या शेजारी बसवलं. बाई साठीच्या पुढची, उन्हानं मान करपलेली, नखांच्या कडा काळ्या. ते हात बघितल्यावर मला कळलं की ही नुसती मालकीण नव्हे, ही शेतात असते. ती स्वतः उठून प्रत्येकाला ओतत होती. ही वरच्या दगडी रानातली, ही खालच्या, नदीच्या बाजूची, असं सांगत होती आणि पोरगी त्याचं मराठी करत होती. आपल्याकडं माळाचा आणि काठाचा गूळ वेगळा लागतो तसंच ते, हे मला कळलं. ओतून झालं की ती मागं सरून उभी राहायची आणि बघायची. ग्लासाकडं नाही, आबा. तोंडाकडं. प्रत्येकाच्या तोंडाकडं.

टेबलावर चकचकीत बादल्या ठेवल्या होत्या. तोंडात फिरवून सगळी त्यात थुंकत होती, डॉक्टर, बिल्डर, त्यांच्या बायका, रुमालानं ओठ टिपत. ती बाई स्वतःसुद्धा थुंकली. ती त्यांची रीतच आहे, नाहीतर इतक्या वाईन चाखायच्या कशा. पोरीनं मला लांबून डोळ्यांनी बादली दाखवली. मी बादली जवळ घेतली. ती बाई माझ्याकडं बघत होती. मी गिळली. दुसरी ओतली, तीही गिळली. पांढऱ्या रश्श्याबरोबर गिळली, सुक्याबरोबर गिळली, वरच्या रानातली गिळली, खालच्या रानातली गिळली. मला वाटत होतं मी तुमचा शब्द पाळतोय. आतनं अभिमानसुद्धा वाटत होता की एवढ्या शिकलेल्या माणसांत एकट्यालाच रीतभात आहे. पोरगी येऊन कानात म्हणाली, "आजोबा, टाका ना. का पिताय?" मी म्हटलं, "ती उभी हाय की गं." तिला काय कळणार. जन्मात पहिल्यांदा माझ्या पोटात दारू गेली होती, तीही रिकाम्या पोटी, आणि मला ते समजेपर्यंत ग्लास उचलले गेले, गुळाची ताटली आली आणि पोरीनं माझं नाव घेऊन मला उभं केलं.

मी खडा तोंडात टाकला आणि बोलायला गेलो तर जीभ जाड झालेली. शब्द शब्दाला चिकटून बाहेर आला. समोरच्या टेबलावरचे डॉक्टर म्हणाले, "काका, परत एकदा, कळालं नाही," आणि कुणीतरी हसलं. मी परत बोललो, तर जास्तच हसले. ते हसणं वाईट नव्हतं. ऊब होती त्यात. मला इतकी माणसं आयुष्यात कधी हसली नव्हती, माझ्याबरोबर म्हणा किंवा माझ्यावर म्हणा. आणि मग मी ते केलं. खडा गालात सारला, डावा ओठ सोडून दिला, डावी पापणी खाली ओढली, टॉवेल नव्हता म्हणून रुमाल हनुवटीखाली धरला, आणि टेबलांच्या मधून चालायला लागलो, रांगेतून चालावं तसा. एकेकाच्या ताटलीतला खडा उचलून चाखायचा आणि सांगायचं, "दोन लंबर हाय, पर उनात ठिवू नगा." "ह्यो करपलाय, पाव्हनं, मन दुसरीकडं हुतं वाटतं तुमचं." माणसं खुर्चीत मागं पडून हसत होती. मोबाइल बाहेर आले. डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते डॉक्टर होते, हा आजार त्यांना ओळखायला यायला हवा होता. कदाचित ओळखलाही असेल, म्हातारा नक्कल छान करतो म्हणून हसले असतील. मी दोष देत नाही. मी थांबलो नाही. वास घ्यायचं सुद्धा केलं, आबा. एका बिल्डरच्या तोंडापाशी वाकून म्हणालो, "वास घ्या की." तेव्हा तर टाळ्या पडल्या.

ती बाई हसत नव्हती. सगळं शांत झाल्यावर तिनं पोरीला काहीतरी विचारलं, आणि पोरगी मला म्हणाली, "त्या विचारतात, हे कोण होतं? कुणाचं केलंत तुम्ही?" तिला आवडलं नव्हतं असं नाही, तिला माणूस ओळखायचा होता. एवढ्या सगळ्यांत तिनं एकटीनं विचारलं. मी रुमालानं तोंड पुसलं, तोंड सरळ केलं आणि म्हणालो, "कोण न्हाई. आसंच."

दुसऱ्या दिवशी उठलो तर डोकं जड आणि तोंडाला कोरड. सूनबाईनं लिंबूपाणी आणून दिलं. पोरगी मात्र हरखली होती. साहेबाला ते इतकं आवडलं की दर महिन्याला असं जेवण ठेवायचं आणि ते पोरीनं सांभाळायचं, असं ठरतंय. मला मोबाइलवर ते दाखवलं. मी एवढा वाकडा झालेलो बघून मला घाम आला. ती म्हणाली, "ते तोंडाचं परत कराल ना आजोबा? सगळ्यांना तेच आवडलं. आणि या वेळी थोडं आधी खाऊन घ्या." तिनं तुम्हाला बघितलेलं नाही. माझ्या मुलालाही तुम्ही नीट आठवत नाही, तो लहान होता. घरात तुमचा एकच फोटो आहे, लग्नाच्या आधीचा, तोंड सरळ असलेला. पोरीला वाटतं मी ते कुठलं तरी सोंग बसवलं. मी सांगायला तोंड उघडलं, "त्ये, बाळा, माझं आबा," एवढं म्हणालोसुद्धा, पण तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत गच्चीवर गेली. ती खाली आल्यावर मी परत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं लगेच नको म्हटलं असतं, ती तशी मनाची चांगली आहे. मग तिचं काय झालं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्या दिवशी दुपारी एक फोन आला. मुकादमाचा. तुम्हाला वाटलं असेल तो मेला असेल, पण आहे तो, कबनूरला मुलीकडं असतो, गुडघे गेलेत. कुणीतरी त्याला ते दाखवलं. मला म्हणाला, "आरं लेका, बघितलं मी. आगदी म्हातारा उभा केलास की. मला इतकी वर्सं करून त्यो ओठ कधी जमला न्हवता, तुला बरोबर जमला." आणि हसला, पूर्वी हसायचा तसाच. मी त्याची कॉलर धरल्याची आठवण त्याला असेल, पण त्यानं ती काढली नाही. मी म्हटलं, "व्हय." फोन ठेवून मी किती तरी वेळ बाथरूममध्ये जाऊन बसलो. ज्या माणसाची मी कॉलर धरली होती तो मला शाबासकी देत होता, आणि मी ती घेतली होती.

एवढं लिहीपर्यंत दुपार कलली. हा कागद मी कुठं पाठवणार, आणि घरात ठेवला तर सूनबाईच्या हाताला लागेल, म्हणून फाडून टाकीन. पण त्याआधी राहिलेलं सांगतो. मघाशी मधेच उठून मी पोरीला फोन केला. येतो म्हणून सांगितलं. ती खूश झाली. "माझ्यासाठी किती करताय आजोबा," म्हणाली. मी म्हटलं, "आसू दे."

तिला वाटतंय तिच्या नोकरीसाठी येतोय. तुमच्याशी मात्र खोटं बोलवत नाही. कधीपासून कोण जाणे, तुमचा आवाज माझ्या आठवणीतून गेला होता. शब्द आठवायचे, ते माझ्याच आवाजात आठवायचे. त्या दिवशी टेबलांच्या मधून चालताना "दोन लंबर हाय" म्हणालो आणि माझ्याच तोंडातून तो तुमचा आवाज आला. मी मागं वळून बघितलं, आबा, खरंच वळून बघितलं. मोबाइलवर त्यातलं काही ऐकू येत नाही, नुसतं हसणं येतं. नंतर घरी, बाथरूमचा नळ सोडून, मी शुद्धीत असताना खूपदा करून बघितलं. तोंड वाकडं होतं, पापणी खाली येते, सगळं होतं, पण आवाज माझाच येतो. तेवढी वाईन पोटात गेल्याशिवाय तो येत नाही. म्हणून येतो म्हणालो. माणसं हसतील ती हसू देत, मला तुम्हाला अजून एकदा ऐकायचंय.